डोंगरावरचा ढीग

मंडळी, तुमच्या गावाच्या डोंगराला पावसाळ्यात कुठे पाझर फुटतो, हे गुराख्याला विचारावे. कचेरीतल्या नकाशात ते सापडेलच असे नाही. ही हकिगत अशाच एका डोंगराची आहे. पण तो आपल्याकडचा नव्हे, ब्रिटनमधील वेल्सचा.

तेथे ॲबरव्हॅन नावाचे गाव आहे, तेव्हा ते खाणकामगारांचे होते. कोळशाबरोबर निघणारा दगड, माती आणि गाळ गावावरच्या डोंगरावर नेऊन ओतायचा, असा तेथला परिपाठ. ढीग सात झाले. सातवा १९५८ साली सुरू केला, तो थेट झऱ्यावर! शाळेपाशी काळे पाणी साचते म्हणून मुलांच्या आयांनी अर्ज केला होता. शाळेच्या मागे धोका आहे, असे नगरपालिकेच्या एका अभियंत्याने १९६३ सालीच लेखी कळविले होते. कागद फिरत राहिले, ढीग वाढत राहिला.

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. दुसऱ्या दिवसापासून शाळेला सुट्टी लागायची होती. सकाळी सव्वानऊच्या सुमारास, मुले नुकतीच वर्गात बसली असताना, पावसाने भिजलेला तो ढीग सुटला आणि शाळेवर व शेजारच्या घरांवर आला. १४४ माणसे गेली. त्यांतली ११६ मुले होती.

चौकशी झाली. तिने १९६७ साली दोष राष्ट्रीय कोळसा मंडळाच्या पदरी घातला. इथपर्यंतचे बहुतेकांना ठाऊक असते. पुढचे फारसे कुणी सांगत नाही.

डोंगरावर बाकीचे ढीग उभेच होते. गावकरी म्हणाले, हे हलवा. अधिकाऱ्यांचे उत्तर असे, की तपासणी झाली आहे, आता धोका नाही. वर हिरवळ लावली की झाले. खर्चही फार होता. आता हिशेबाच्या दृष्टीने हे उत्तर अगदीच खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण विचारलेला प्रश्न तो नव्हताच. ज्या बाईचे मूल त्या ढिगाने नेले, तिने रोज सकाळी दार उघडून त्याच्या भावंडांकडे बघायचे का, हा तिचा प्रश्न. शिवाय ‘धोका नाही’ हे शब्द गावाने पूर्वीही ऐकले होते. ते पुन्हा ऐकून झोप कशी लागावी?

अर्जविनंत्यांनी भागेना, तेव्हा गावकऱ्यांनी तोच काळा गाळ भरून कार्डिफला नेला आणि सरकारी कचेरीत ओतला. मग मात्र ढीग हलविण्याचे ठरले! तरीही १९६८ साली त्या खर्चापैकी दीड लाख पौंड लोकांनी दिलेल्या मदतनिधीतून घेतले गेले. जगभरच्या लोकांनी शोकग्रस्तांसाठी सुमारे साडेसतरा लाख पौंड पाठविले होते. त्यातूनच दुसऱ्याचा कचरा उचलण्याची पाळी आली.

त्याच निधीतून प्रत्येक शोकग्रस्त कुटुंबाला पाच हजार पौंड देण्याचे घाटत होते. तेव्हा धर्मादाय आयोगाने सुचविले, की आईबापांचा त्या मुलावर खरोखर जीव होता काय, हे आधी पाहावे. कायद्यात ह्याला काही आधार असेलही. पण शिक्षकमित्रांनो, तुमच्या वर्गातल्या मुलाच्या आईला हा प्रश्न विचारायला तुम्ही कुणाला धाडाल?

शाळा पुन्हा त्या जागी उभी राहिली नाही. तिथे आज स्मृतिउद्यान आहे. वर टेकडीवरच्या दफनभूमीत मुलांच्या थडग्यांवर पांढऱ्या कमानींची रांग दूरवरून दिसते.

दीड लाख पौंड सरकारने १९९७ साली परत केले, तेही व्याजावाचून. २००७ साली वेल्सच्या सरकारने आणखी वीस लाख पौंड दिले. पंधरा लाख स्मारकासाठी होते आणि पाच लाख गावातल्या शिक्षणाच्या कामासाठी. तोवर त्या शुक्रवारला चाळीस वर्षे उलटून गेली होती, आणि ढीग हलवा म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी आईबाप मुलांशेजारी विसावले होते.