स्पुतनिकची शिष्यवृत्ती आणि वळिवड्याची पोलिश

स्लाव्ह आणि युरेशियाई अभ्यासाला पैसा कुठून येतो हे शोधायचं असेल, तर त्या त्या काळात कोण कोणाला घाबरत होतं ते आधी पाहावं. १९४५ साली महायुद्ध संपलं आणि दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने रशियन इन्स्टिट्यूट उभी राहिली. आजची हॅरिमन इन्स्टिट्यूट ती हीच. १९४८ साली हार्वर्डला कार्नेगीच्या पैशातून रशियन संशोधन केंद्र निघालं आणि त्याच्या संचालकपदी क्लाइड क्लकहोन हे मानववंशशास्त्रज्ञ बसले, ज्यांची कीर्ती नवाहो आदिवासींच्या अभ्यासासाठी होती! घाई किती झाली होती ते यावरून कळावं. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुतनिक वर गेला आणि वर्षभरात अमेरिकेच्या काँग्रेसने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा करून परक्या भाषांसाठी तिजोरी उघडली. १९८३ साली रेगन यांच्या राजवटीत ‘टायटल एट’ नावाची आणखी एक तरतूद आली, खास सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपच्या अभ्यासासाठी. ही वंशावळ या क्षेत्रातल्या सगळ्यांना पाठ असते, म्हणून तिच्यात रमत नाही.

एक गोष्ट मात्र सांगतोच. १९५८च्या जानेवारीत अमेरिका आणि सोव्हिएत संघात सांस्कृतिक देवाणघेवाणीचा करार झाला आणि त्याखाली सोव्हिएत विद्यार्थ्यांची पहिली तुकडी अमेरिकेत आली. त्यातले कोलंबियात शिकलेले दोघे पाहा. एक होते ओलेग कालुगिन, पुढे केजीबीचे जनरल झालेले. दुसरे अलेक्सांद्र याकोवलेव, जे रूझवेल्टच्या ‘न्यू डील’चा अभ्यास करून परतले आणि तीस वर्षांनी गोर्बाचेव्ह यांच्या ग्लासनोस्तचे शिल्पकार ठरले. एका विद्यापीठातल्या एका वर्षातून दोन्ही बाजूंना काय मिळालं याचा हिशेब लेखापरीक्षकाला मांडता यायचा नाही. विद्यार्थी पाठवून उपयोग काय, असं विचारणाऱ्या समित्यांना मी आयुष्यभर हेच उदाहरण देत आलो. समित्या चहा पिऊन पुढच्या विषयाकडे वळतात.

भीतीचा पैसा भीतीबरोबर जातो. कधी कधी तर भीती असतानाही जातो. २०२५च्या वसंतात अमेरिकी सरकारने ‘टायटल एट’चं अनुदान तोडलं. १९७४ पासून अभ्यासकांना आसरा देणारी केनन इन्स्टिट्यूट वॉशिंग्टनच्या ज्या विल्सन सेंटरच्या छपराखाली होती, ते सेंटर जवळजवळ मोडीत निघालं. त्याच वर्षी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ‘फ्लास’ शिष्यवृत्त्यांवरही गदा आली. आणि हे सगळं युक्रेनमधलं युद्ध चालू असताना!

आपल्याकडच्या विद्यार्थ्याने यावर किती अश्रू ढाळावेत? थोडे. ‘फ्लास’ आणि ‘टायटल एट’ अमेरिकेचे नागरिक किंवा कायम रहिवासी यांच्या पदरात पडायच्या. न्यू जर्सीत वाढलेल्या आपल्या नातवंडांना त्यांचा लाभ झाला असेल, सांगलीच्या पोराला नाही. त्याला अमेरिकेत जायचं तर पीएचडीला प्रवेश घेऊन विद्यापीठाच्या अध्यापन-साहाय्यावर राहायचं, हाच धोपट मार्ग होता आणि आहे. पण त्या मार्गावरही आता जागा आक्रसत चालल्या आहेत.

बाकीच्या जगात काय आहे ते भराभर सांगतो. लंडनचं स्लाव्होनिक आणि पूर्व युरोपीय अभ्यासाचं स्कूल १९१५ सालचं. छोट्या राष्ट्रांच्या प्रश्नावर तिथे उद्घाटनाचं व्याख्यान देणारे मासारिक पुढे चेकोस्लोव्हाकियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. जपानच्या होक्काइदो विद्यापीठात, साप्पोरोला, स्लाव्ह-युरेशिया संशोधन केंद्र आहे. ते परदेशी अभ्यासकांना मुक्कामी बोलावतं. रशियाकडे युरोपातून न पाहता आशियातून पाहणारं याच्या तोडीचं केंद्र मला ठाऊक नाही. जर्मनीत मारबुर्गची हेर्डर इन्स्टिट्यूट, बर्लिनचं ‘त्सॉइस’, लाइपझिग, रेगेन्सबुर्ग. बुडापेस्टच्या ओपन सोसायटी अर्काइव्हमध्ये रेडिओ फ्री युरोपच्या संशोधन विभागाची कात्रणं, अहवाल, चरित्रपत्रं आहेत आणि तिथे बसून काम करायला व्हिशेग्राड निधीची शिष्यवृत्ती मिळते. ज्या सेंट्रल युरोपियन विद्यापीठाचं हे अर्काइव्ह, त्याला मात्र २०१९ साली अभ्यासक्रमांसह व्हिएन्नाला जावं लागलं. कागद मागे राहिले, विद्यार्थी गेले.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. वाचकांतल्या जुन्या मंडळींनी ओळखलंच असेल: उन्हाळी भाषाशाळा आणि छोट्या भाषा. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाची स्लाव्ह अभ्यासाची उन्हाळी शाळा १९५७ पासून चालते. ब्रनो, ल्युब्ल्याना, झाग्रेब, सोफिया, क्राकूव, प्रत्येकाची आपली आहे आणि काही जागा त्या त्या देशांची सरकारं शिष्यवृत्तीने भरतात. तीन-चार आठवडे, सकाळी व्याकरण, दुपारी उच्चार आणि संभाषण, संध्याकाळी नाटक किंवा लोकनृत्य. लोकनृत्यात आपली मुलं अवघडतात, पण तिथेच क्रियापदं तोंडात बसतात. ल्युब्ल्यानात शेजारी कोरियन, इटालियन, जॉर्जियन, आणि सगळ्यांची मोडकी का होईना एकच सामाईक भाषा, स्लोव्हीन. महिन्याभरात माणूस वर्तमानपत्र वाचू लागतो, कारण ज्याला रशियन येते त्याची निम्मी वाट आधीच चालून झालेली असते. वीस लाखांच्या आसपास वस्तीच्या देशाची भाषा भारतीयाने शिकून यावी याचं त्या लोकांना इतकं अप्रूप वाटतं की ग्रंथालयाची कपाटं, प्राध्यापकांची घरं, सगळं उघडतं. रशियन शिकलेल्याचं मॉस्कोत असं कौतुक कोण करणार?

आमच्याकडे एक पंथ आहे, नाव घेत नाही, की जो म्हणतो ‘रशियन एके रशियन, बाकीच्या भाषांना विद्यार्थी आणायचे कुठून?’ दुसरा पंथ नव्या जमान्याचा. तो म्हणतो, भाषाच कशाला, यंत्र भाषांतर करून देतं, आपण सामरिक विश्लेषण करू. या दुसऱ्या पंथातले लोक दूरचित्रवाणीवर डोनबासबद्दल तावातावाने बोलतात. त्यांच्यातल्या कोणी युक्रेनियन वर्तमानपत्राचं एक पान मुळातून वाचून दाखवावं, मी टाळ्या वाजवीन. अमेरिकेतल्या स्लाव्ह अभ्यासकांच्या संघटनेने २०२३च्या अधिवेशनाचा विषयच ‘निर्वसाहतीकरण’ ठेवला होता. सगळं काही मॉस्कोच्या खिडकीतून पाहायची सवय मोडा, हा त्याचा रोख. कीव, ताश्कंद, तिब्लिसीच्या लोकांचं त्यांच्याच भाषेत ऐका, हे आम्ही पूर्वीपासून म्हणत होतो. तेव्हा आम्हाला हौशी म्हणत.

रशियन एवढ्यावर भागत नाही याचा पहिला पुरावा आपल्या चौलच्या बंदरावर उतरला होता. त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन, पंधराव्या शतकातला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, १९५७चा ‘परदेसी’ चित्रपट त्याच्यावरचा. जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि मुसलमान हो म्हणून धरलं, एका खुरासानी माणसाने रदबदली केली तेव्हा घोडा सुटला. हे सगळं त्याने लिहून ठेवलं आहे, पण कसं? रशियन लिहिता लिहिता अवघड जागी, बाजारभाव, बायका, मनातली प्रार्थना अशा मजकुराला, तो रशियन लिपीतच तुर्की-फारसी-अरबीच्या मिश्रणात उतरतो. नुसती रशियन येणाऱ्याला त्या ओळींवर थबकावं लागतं. पुण्यात फारसी आणि मोडी शिकणारे इतिहासाचे विद्यार्थी आहेत. त्यांनी रशियन लिपी शिकून घेतली तर ताजिक त्यांना पुष्कळशी कळू लागेल, कारण ताजिक म्हणजे रशियन लिपीत लिहिलेली फारसीच. दुशान्बे, समरकंद, बुखारा ही आपल्या दख्खनी फारसीचीच भावकी. हा दुवा इंडियाना विद्यापीठातला अमेरिकन विद्यार्थी कष्टाने जोडतो, आपल्याला तो घरबसल्या मिळालेला आहे. पण इतिहासवाले रशियनच्या वर्गात येत नाहीत आणि रशियनवाले मोडीच्या वर्गात जात नाहीत.

दुसरा पुरावा कोल्हापूरजवळ आहे. फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सायबेरियात आणि कझाकस्तानात हाकलली. १९४१च्या जुलैत पोलिश आणि सोव्हिएत सरकारांत समेट झाला, हाकललेल्यांतले काही सुटले, पोलिश जनरल आंदेर्सच्या सैन्याबरोबर कास्पियन ओलांडून इराणला पोचले, आणि तिथून बायका-मुलांच्या तुकड्या जगभर विखुरल्या. जामनगरजवळच्या बालाचडीचं नाव बरेच जण घेतात. पण त्याहून कितीतरी मोठी छावणी वळिवड्याची, १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार पोलिश माणसांची. शाळा, चर्च, बालवीर पथक, सहकारी दुकान, सगळं पंचगंगेच्या काठी. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे.

या वस्तीचे कागद कुठे आहेत? आंदेर्सच्या सैन्याने सुटलेल्यांकडून जबान्या लिहवून घेतल्या होत्या: कुठून उचललं, किती दिवस गाडी, कोणतं काम, किती भाकरी, कोण मेलं. मुलांकडून शाळेच्या वहीत निबंध लिहवून घेतले होते. त्यांतलं पुष्कळ आज कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या हूवर इन्स्टिट्यूशनमध्ये आहे आणि काही लंडनच्या सिकोर्स्की इन्स्टिट्यूटमध्ये. बहुतेक सगळं पोलिशमध्ये. आणि दुसरी बाजू, म्हणजे जमीन कोणी दिली, धान्य कोणी पुरवलं, दरबारात काय पत्रव्यवहार झाला, ती कोल्हापूरच्या दफ्तरात आणि तिथल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत. पोलिश अभ्यासक आले, त्यांनी आपल्या लोकांच्या आठवणींची जाडजूड पुस्तकं केली. अनुराधा भट्टाचार्जी यांनी भारतातल्या पोलिश निर्वासितांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पण पोलिश आणि मराठी दोन्हींचा कागद एका टेबलावर ठेवून बसणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने क्राकूवच्या उन्हाळी शाळेतून परतल्यावर हा विषय पीएचडीला मागितला होता. विद्यापीठाच्या समितीने विचारलं, हा विषय इतिहासाचा की परकीय भाषांचा? तो कोणत्याच विभागाचा निघाला नाही. ती आता एका बँकेत आहे आणि सुखी आहे.

उलट दिशेचा व्यवहार पाहिला की वाईट वाटतं. तात्याना कातेनिना यांनी १९६३ साली मराठीचं व्याकरण रशियनमध्ये छापलं. मॉस्कोच्या इरिना ग्लुश्कोवा यांनी मराठी वाचून पंढरपूर आणि वारकऱ्यांवर लिहिलं. त्यांनी आपल्या वाटेला अर्धं अंतर चालून यावं आणि आपण काय केलं? पुण्यात आणि कालिन्याला रशियनचे विभाग आहेत, मुंबई विद्यापीठात मध्य युरेशियाचं केंद्र आहे, दिल्ली विद्यापीठात तर स्लाव्होनिक आणि फिनो-उग्रियन विभाग आहे. पण महाराष्ट्रात पोलिश किंवा चेकचा नियमित वर्ग शोधून दाखवा. रशियन शिकणारेही आता साहित्यासाठी येत नाहीत, वैद्यकीय शिक्षणाचे दलाल, पर्यटन आणि संरक्षण-खरेदी यांच्यासाठी येतात. पोटाचा प्रश्न आहे, त्यांना बोल लावत नाही. पण सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनात स्वस्त मराठी गॉर्की विकत घेऊन जी पिढी रशियनच्या वर्गात शिरली, तिच्याबरोबर जिज्ञासाही निवृत्त झाली.

तरीही आजच्या विद्यार्थ्याच्या हाती एक हुकमाचं पान आहे, आणि ते म्हणजे भारतीय पारपत्र. २०२२ नंतर बहुतेक पाश्चात्त्य अभ्यासकांची रशियाची वाट जवळजवळ बंद झाली. ते रीगा, तिब्लिसी, येरेव्हान, अल्माटी, बिश्केक इथे जाऊन रशियन शिकू लागले. आपल्या विद्यार्थ्याला मॉस्कोचाही रस्ता मोकळा आहे आणि बिश्केकचाही. रशियन सरकारच्या शिष्यवृत्तीच्या जागा पेडर रोडच्या रशियन हाउसमध्ये चौकशी करून मिळतात, लुमुम्बा विद्यापीठाचं जुनं नावही २०२३ साली परत आलं आहे. फक्त तिथे राहून काय विचारता येईल आणि काय नाही, याची जाण ठेवून जावं. दडपशाहीच्या नोंदी जपणारी ‘मेमोरियल’सारखी संस्था जिथे न्यायालयाच्या हुकमाने मोडली गेली, तिथल्या दप्तरखान्यात स्टालिनकाळाची फाइल मागताना हात जरा सावकाश पुढे करावा. त्याच विषयाचे कागद टार्टू, विल्नियस, कीवमध्येही असतात, हे ध्यानात असू द्यावं.

आणि ज्याला कुठेच जाता येत नाही त्याने इलिनॉय विद्यापीठाच्या स्लाव्हिक रेफरन्स सर्व्हिसला पत्र लिहावं. १९७६ पासून हे ग्रंथपाल कोणाच्याही प्रश्नाला फुकट उत्तर देत आले आहेत: प्रांतिक वृत्तपत्राचा हरवलेला अंक, चुकीच्या स्पेलिंगने नोंदलेला लेखक, कुठल्या ग्रंथालयात कुठली प्रत. नेमका प्रश्न विचारला तर नेमकं उत्तर येतं, पाल्हाळ लावला तर ते नम्रपणे प्रश्नच पुन्हा विचारतात. वळिवड्याच्या कामाची सुरुवात तिथूनही होऊ शकते.

उन्हाळी शाळांच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज बहुतेक ठिकाणी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान घेतात, शिफारसपत्रं दोन लागतात आणि आपल्याकडचे प्राध्यापक ती शेवटच्या दिवशी देतात. तेव्हा हा अंक बाजूला ठेवून भाऊबीज झाली की पहिलं पत्र लिहायला बसावं, आणि भाषेच्या रकान्यात रशियनऐवजी पोलिश भरावं.