आखाजीपासून कोयत्यापर्यंत

खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू व्हायचं. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी म्हसावदच्या आसपासचा भिल्ल गडी आखाजीला धान्य-पैसा उचलायचा आणि सालभर मालकाच्या वावरात राबायचा. फिटलं नाही तर पुढचं सालही तिथंच. शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीत 1971 साली आदिवासींवर गोळीबार झाला आणि हा साचलेला राग बाहेर पडला. आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेनं सालदाराच्या मजुरीचा आणि गेलेल्या जमिनींचा प्रश्न रस्त्यावर आणला. 1976 मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला.

सालदारी मोडत गेली, उचल मात्र राहिली. ती आता गुजरातच्या हद्दीपलीकडून येते.

पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की मुकादम दारात येतो. त्याच्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीनंतर गाड्या भरतात : हंडे, गोधड्या, कोंबड्या आणि शाळेतून उठवलेली पोरं. नवापूरवरून थेट बारडोली, सुरतेचा ऊसपट्टा. तिथं पोटापुरती खावटी मिळते, तीही हिशोबात कापली जाते. मोठा हिशोब हंगाम संपल्यावरच. मधे बाई आजारी पडली तरी परतता येत नाही, कारण उचल फिटलेली नसते. बारडोलीकडच्या खानदेशी तोडकऱ्यांचं हे जिणं समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकातच लिहून ठेवलंय.

याला मानवी तस्करी म्हणायचं का? प्रत्येक स्थलांतराला नाही. पण ज्या जोडप्याला काम सोडून निघताच येत नाही, त्याच्या बाबतीत मला दुसरा शब्द सापडत नाही. भारतानं 2011 मध्ये मान्य केलेल्या पालेर्मो करारातल्या व्याख्येत असहायतेचा गैरफायदा आणि शोषणाचा हेतू पाहिला जातो. देशाची सीमा ओलांडलेली असावीच, असं त्या व्याख्येत नाही. आपल्या संविधानाचं कलम 23 तर माणसांचा व्यापार आणि वेठबिगार एकाच वाक्यात निषिद्ध ठरवतं.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979 चा कायदा होता. ठेकेदाराला परवाना, मजुराला पासबुक, विस्थापन भत्ता. पाच मजूर असले तरी तो लागू व्हायचा. त्याच्या जागी आणलेल्या 2020 च्या कामगार संहितेनं पाचाचे दहा केले आणि विस्थापन भत्ता वगळला. माझ्या मते हे मागं जाणं आहे.

येत्या दिवाळीआधी खानदेशातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं एक वही उघडावी. कोण चाललं, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्यावर, उचल किती, सोबत पोरं किती, हे गाडी हलण्याआधी तीत लिहून घ्यावं.