सोय आणि सवय: गिरगाव ते लालबाग, मुलांच्या ताटाचा मागोवा

मुलांनी काय खावं, याच्या सल्ल्यांना मुंबईत कधीच तोटा नव्हता. मराठी शाळेच्या भिंतीवर 'समतोल आहारा'चा तक्ता हमखास टांगलेला असे. त्यावर गाजर, पालकाची जुडी, अंडं, दुधाचा पेला आणि खाली जीवनसत्त्वांची यादी. आरोग्यशास्त्राच्या तासाला ती यादी घोकून व्हायची, 'रातांधळेपणा कशामुळे होतो' या प्रश्नाला गुणही मिळायचे. मधली सुट्टी झाली की तीच पोरं तिखटमीठ लावलेल्या कैरीसाठी फाटकाकडे पळायची. गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातल्या मुलांचं खाणं अनेकदा पालटलं. ते कशानं पालटलं हे शोधू गेलं, तर उपदेशाचा वाटा फार थोडा निघतो. जे हाताशी आलं ते मुलांनी खाल्लं आणि जे हाताशी राहिलं नाही ते ती विसरली.

ही गोष्ट ज्यांना सर्वांत आधी उमगली, त्यांत ताराबाई मोडक होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या मुंबईत आल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत १९३६च्या सुमारास त्यांनी शिशुविहार सुरू केलं. माँटेसोरीच्या वाटेनं जाणाऱ्या या बालशिक्षणात हात धुणं, आपली ताटली मांडणं, लागेल तेवढंच स्वतः वाढून घेणं, सांडलेलं पुसणं हा खेळाआधीचा उपचार नव्हता, तो अभ्यासच होता. लहान मुलाला चमच्यानं भरवत बसण्यापेक्षा त्याच्या उंचीचं टेबल आणि त्याच्या हातात मावेल असं भांडं द्या, बाकीचं ते पाहून घेईल, असा हा विचार. पुढे ताराबाईंनी बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीनं 'अंगणवाडी' उभी केली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा पोषणाची आणि शिक्षणाची सांगड घालणाऱ्या केंद्रांना हेच नाव मिळालं.

घरची शाळा वेगळी होती. चाळीतल्या दीड खोलीत स्टोव्हपासून हातभर अंतरावर पाट मांडला जाई. ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ. मधे वरण-भात नाहीतर भाकरी. श्लोक म्हणून झाल्यावर पहिला घास. 'पानात टाकायचं नाही', 'डावी बाजूही संपव' एवढेच नियम. कारल्याची भाजी आवडत नाही म्हणणाऱ्याला दुसरी भाजी मिळत नसे, कारण दुसरी केलेलीच नसे. लालबाग-परळच्या कोकणी घरांत माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी, घाटावरच्या घरांत ज्वारी-बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ. मोड आणायला फडक्यात बांधून पितळी डब्यात ठेवलेलं कडधान्य मूल रोज बघत असे, त्यामुळे उसळ 'पौष्टिक' आहे हे त्याला कुणी सांगायला लागत नव्हतं.

पण या ताटाचे गोडवे गाताना हात आखडता घ्यावा. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत रेशनिंग आलं आणि कित्येक घरांत ताटाची उजवी बाजूच आक्रसली. दूध चहापुरतं. मुलगा जेवल्यावर मुलगी, सगळे जेवल्यावर आई, हा क्रमही त्याच घरांनी शिकवला. मुलांना चांगलं खायला शिकवायचं, तर आधी ते घरात पोचलं पाहिजे, हा धडा शहरानं त्या दशकात घेतला.

तो घेणारे गृहस्थ होते दारा खुरोडी. म्हशीच्या दुधात पाणी आणि सायविरहित दुधाची भुकटी मिसळून कमी स्निग्धांशाचं, स्वस्त 'टोन्ड' दूध करण्याचा प्रयोग मुंबईत १९४६च्या सुमारास झाला, त्यामागे तेच होते. शहरातले गोठे बाहेर हलवण्यासाठी १९४९मध्ये गोरेगावजवळ आरे वसाहत उभी राहिली. १९६३मध्ये खुरोडींना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गिरगावातल्या किंवा नायगावातल्या पोराला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं ते नाक्यावरचं दूधकेंद्र. पहाटे उजाडायच्या आत तिथे रांग लागे. माणूस झोपेतच असला तर त्याच्या नावानं पिशवी किंवा वीट रांगेत उभी असे. घरातल्या एखाद्या पोराच्या हातात कार्ड आणि धुतलेल्या रिकाम्या बाटल्या द्यायच्या. त्यानं त्या देऊन भरलेल्या आणायच्या, बुचाच्या रंगावरून दूध कुठलं ते ओळखायचं आणि वाटेत बाटली फुटू द्यायची नाही. केंद्रावर दूध देणारी मुलंमुली बहुधा कॉलेजात जाणारी. 'रोज एक पेला दूध' ही सवय मुंबईच्या मध्यमवर्गात रुजली ती या रांगेनं. आज यातल्या कित्येक स्टॉलवर पुढच्या फळीला वेफर्सची पाकिटं आणि थंड पेयं लटकलेली दिसतात. जागा तीच, मूलही तेच. ते मागून घेतं ती वस्तू बदलली.

शाळेच्या फाटकाबाहेरही तसंच घडलं. छबिलदास, किंग जॉर्ज किंवा गिरगावातल्या चिकित्सक समूहाच्या शाळेबाहेर टोपलीवाल्या बसत. बोरं, आवळे, चिंचा, पेरू, उकडलेल्या शेंगा. आया ओरडायच्या, घसा बसेल म्हणून. आज मागे वळून पाहिलं तर ती टोपली पोषणाच्या दृष्टीनं आजच्या बहुतेक कॅन्टीनपेक्षा उजवी होती. १९६६च्या आसपास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी बटाटावडा पावात घातला, असं सांगितलं जातं. कामावर धावणाऱ्या माणसासाठी ती उत्तम सोय होती. ती मुलांची मधली सुट्टी होईल असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नसावं. पण डबा करायला वेळ नसलेल्या घरातून 'वडापाव खा' म्हणून नाणी मिळू लागली आणि बटाटा, मैदा, तेल यांचं हे त्रिकूट डब्याच्या जागी येऊन बसलं.

१९७०मध्ये कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं. वाटी-चमच्याच्या मापानं, सासू-आई जवळ नसलेल्या मुलीलाही जमेल असं सांगणारं हे पुस्तक घरोघरी पोचलं. गिरणगावात स्वयंपाकाचं ज्ञान पुस्तकाबाहेर होतं. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेची दारं त्यांना उघडून दिली. या बायकांच्या घरी मूल पिठाच्या परातीशेजारी वाढत असे. त्याला मिळे ते कामगारांसाठी रांधलेलं: भाकरी, उसळ, कालवण.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. अनेकांनी बायकामुलांना गावी पाठवलं. जी मुलं मागे राहिली त्यांच्यासाठी चहा-चपाती, चहा-पाव हेच सकाळचं जेवण झालं. ज्या घरात पगार थांबतो, तिथे पहिल्यांदा फळं जातात, मग दूध, मग डाळ पातळ होते. योगायोग असा, की त्याच १९८२ साली तामिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी शाळेतल्या मुलांना रोज शिजवलेलं जेवण द्यायची मोठी योजना सुरू केली. मुंबईच्या कामगार वस्तीतल्या शाळांना तशा जेवणासाठी आणखी दोन दशकं थांबावं लागलं.

तोवर दुसरंच काही पोचलं. १९८३मध्ये मॅगी भारतात आली आणि पुढच्याच वर्षी दूरदर्शनवर 'हम लोग' तिच्या सौजन्यानं दिसू लागलं. दोन मिनिटांत तयार, मूल हट्ट न करता खातं, नोकरी करणाऱ्या आईचा जीव भांड्यात पडतो. इथे आईला बोल लावणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. तिच्यावर डब्याची जबाबदारी पूर्वीइतकीच होती, वेळ निम्मा होता, आणि घरातल्या पुरुषांनी स्वयंपाकघराकडे फिरकायची पद्धत अजून पडली नव्हती. जाहिरातवाल्यांनी तिची अडचण ओळखली. शाळेनं ओळखली नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची मध्यान्ह भोजन योजना सुरू झाली, तीही अर्धवट. महाराष्ट्रात मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायला मिळे, तेही ८० टक्के हजेरी असेल तर. पिशवीतले तांदूळ घरच्या पातेल्यात पडले की ते मुलाचे राहत नसत, सगळ्या घराचे होत. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळांत शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला आणि मग खिचडी आली. मुंबईतल्या शाळांना स्वयंपाकघरासाठी जागा कुठली? म्हणून महिला बचत गट आणि मध्यवर्ती स्वयंपाकघरं पुढे आली. इस्कॉननं २००४मध्ये मुंबईत हे काम सुरू केलं. टेम्पोतून मोठे डबे उतरतात, वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात मुलं रांगेनं बसतात, चव बघून झाल्यावरच वाढायला सुरुवात होते. पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं माप ठरलेलं आहे. खिचडी कधी पातळ असते, कधी गार. महापालिकेनं मधे वाटलेल्या सुगंधी दुधानं मुलांना त्रास झाल्याच्या घटना घडल्या आणि ती योजना गुंडाळावी लागली. तरीही वेगवेगळ्या घरांतली, जातींतली मुलं एकाच पंगतीत एकच जेवण जेवतात. खाण्याचं याहून मोठं शिक्षण दुसऱ्या कुठल्या तासाला मिळत नाही.

गेल्या दहा वर्षांत आदेशांची मात्र रीघ लागली. २०१५च्या जूनमध्ये मॅगीवर बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. मे २०१७मध्ये राज्य सरकारनं शाळांच्या उपाहारगृहांतून वेफर्स, नूडल्स, पिझ्झा, शीतपेयं हटवायला सांगितलं. २०२०मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकू नयेत असा नियम केला. मे २०२५मध्ये सीबीएसईनं शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, म्हणजे कुठल्या पेयात किती साखर ते भिंतीवर मांडायचं. जुना तक्ताच नव्या रूपात परत आला म्हणायचा. दादर-परळच्या गल्ल्यांत मोजपट्टी लावली तर ५० मीटरच्या आत किती टपऱ्या भरतील, हे तिथल्या कुठल्याही मुलाला विचारा.

याच काळात एक चांगली सोय आली आणि निम्मी परतही गेली. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्यानं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं द्यायचं ठरवलं. जून २०२४मध्ये मोड आलेली कडधान्यं, खीर, नाचणीसत्त्व अशी पाककृतींची नवी यादी आली. जानेवारी २०२५मध्ये सरकारनं अंडं आणि गोडाचा खर्च अंगावरून झटकला आणि लोकवर्गणीतून जमवा म्हटलं. वर्गणी कुठल्या शाळेत जमेल आणि कुठल्या शाळेत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

आकडे काय म्हणतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुरटलेली आहेत. आधीच्या फेरीत हे प्रमाण ३४.४ टक्के होतं, म्हणजे ते घटलेलंच नाही. जादा वजनाची मुलं मात्र १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेली. हे दोन्ही टोकांचं कुपोषण लालबाग-परळमध्ये एका रस्त्याच्या दोन बाजूंना राहतं: इकडे जुनी चाळ, तिकडे गिरणीच्या जागी उभा राहिलेला टॉवर. एका घरात डाळ पुरत नाही, दुसऱ्या घरात ती बनतच नाही.

या सगळ्या प्रवासातून एकच निष्कर्ष निघतो. चांगली सवय सांगून लागत नाही, सोयीनं लागते, आणि वाईटही तशीच. म्हणून पालकांनी मुलाला 'भाजी खा' म्हणण्याऐवजी पावसाळ्यात एका सकाळी दादरच्या भाजीबाजारात न्यावं. वसई-पालघरकडून आलेल्या बायकांपुढे टाकळा, शेवळं, कंटोली, कुर्डू मांडलेले असतात. मुलाला निवडू द्यावं, घरी निवडायलाही बसवावं. बापानंही बसावं. दिवसातलं एक जेवण टीव्ही-मोबाइल बंद ठेवून सगळ्यांनी एकत्र करावं आणि मुलाच्या ताटात जे आहे तेच आपल्या ताटात घ्यावं. शाळा व्यवस्थापन समितीत तुम्ही असाल तर पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारा: खिचडीची चव आज कुणी घेतली, फाटकाबाहेर काय विकलं जातं, आणि अंड्याचे पैसे सरकारनं पुन्हा द्यावेत म्हणून आपण पत्र कधी लिहिणार?