डायल-अप आंतरजाल

डायल-अप आंतरजाल म्हणजे घरातील दूरध्वनीच्या तारेवरून, मोडेमच्या साहाय्याने, सेवापुरवठादाराला फोन लावून मिळविलेली आंतरजालाची जोडणी होय. भारतात विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगम लिमिटेडची ब्रॉडबँड सेवा सुरू झाल्यानंतर तिचा वापर ओसरत गेला. या जोडणीतील पुष्कळशा तक्रारींचे मूळ संगणकात नसून तारेत असते. ही गोष्ट ध्यानात न आल्यास नव्या मोडेमवर विनाकारण खर्च होतो.

कार्य

दूरध्वनीची यंत्रणा माणसाच्या आवाजासाठी आखलेली आहे. तिच्यातून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ या पट्ट्यातील ध्वनीच जातो. मोडेम संगणकातील अंकांचे अशा ध्वनीत रूपांतर करतो आणि पलीकडून आलेल्या ध्वनीचे पुन्हा अंक करतो. फोन लागताच ऐकू येणारी किरकिर व शिट्ट्या हा बिघाड नव्हे. दोन्ही बाजूंचे मोडेम त्या वेळी तारेचा दर्जा अजमावतात व कोणत्या वेगाने बोलायचे ते ठरवितात. तारेत खरखर असेल तर कमी वेगावर तडजोड होते.

मोडेमच्या खोक्यावर ५६ किलोबिट लिहिलेले असूनही तेवढा वेग का मिळत नाही, हा नेहमीचा प्रश्न आहे. १९९८ च्या व्ही.९० मानकानुसार हा वेग केवळ माहिती उतरवून घेताना, तोही सेवापुरवठादार एक्स्चेंजशी डिजिटल मार्गाने जोडलेला असल्यासच शक्य होतो. माहिती पाठविण्याचा वेग ३३.६ किलोबिटच राहतो. शिवाय आठ बिटांचा एक बाइट होतो. ३६ किलोबिटची जोडणी असताना पडद्यावर सेकंदाला साडेचार किलोबाइट दिसले, तर त्यात फसवणूक नसून साधा भागाकार आहे.

अंतर आणि खर्च

आरंभी ही सेवा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे होती. आपल्या स्थानिक कक्षेत सेवापुरवठादाराचे केंद्र नसेल, तर शहरातील क्रमांक एसटीडीने लावावा लागे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याचा संकेतांक ०७१७६, खुद्द चंद्रपूरचा ०७१७२ आणि नागपूरचा ०७१२. अशा गावाला आंतरजाल हे प्रथम अंतराचे आणि म्हणून पैशांचे कोडे होते. पुढे सेवापुरवठादारांना १७२ ने सुरू होणारे क्रमांक मिळाले व स्थानिक दराने जोडणी मिळू लागली. तरीही आंतरजालाचे तास आणि दूरध्वनीचे पल्स असे दोन्ही आकार चालूच राहत. त्यामुळे पत्र आधी लिहून ठेवावे, मग जोडणी करून पाठवावे आणि वाचन जोडणी तोडून करावे, ही रीत शहाणपणाची ठरे.

काही संकेतस्थळांवरून नकळत उतरणारे ‘डायलर’ मोडेमकरवी परदेशी क्रमांक लावीत. त्याचा पत्ता बिल हाती आल्यावरच लागे. त्यावर एक्स्चेंजकडून मिळणारी एसटीडी-आयएसडी कुलपाची सोय हा खात्रीचा उपाय होता.

नेहमीचे बिघाड

विंडोजमध्ये ६८० हा दोषक्रमांक डायल टोन नसल्याचा, ६७६ क्रमांक व्यस्त असल्याचा, ६७८ पलीकडून उत्तर न आल्याचा, तर ६९१ वापरनाव वा परवलीचा शब्द न जुळल्याचा असतो. फोनच्या रिसीव्हरमध्ये टोन ऐकू येत असूनही ६८० दिसल्यास मोडेमला आपल्या एक्स्चेंजचा टोन ओळखता येत नाही असे समजावे. डायल टोनची वाट पाहण्याचा पर्याय काढून टाकला की बहुधा काम भागते. जुन्या एक्स्चेंजवर टोनऐवजी पल्स डायलिंग निवडावे लागे.

जोडणी मध्येच तुटत असेल तर समांतर फोन कोणी उचलतो का ते आधी पाहावे. कॉल वेटिंगचा ‘टुक’ असा आवाजही जोडणी तोडू शकतो. ती सोय बंद ठेवावी. पावसाळ्यातच त्रास होत असेल तर खांबावरील जोड व घराबाहेरची पेटी संशयास्पद मानावी, कारण ओल शिरल्याने तारेत खरखर वाढते. साध्या फोनवर बोलताना खरखर ऐकू येत असेल, तर मोडेम बदलून उपयोग नाही. तक्रार दूरध्वनी कार्यालयाकडेच नोंदवावी.

विजांच्या कडकडाटात विजेचा प्लग काढणे पुरेसे नसते. वीज दूरध्वनीच्या तारेनेही आत येते व मोडेम जाळते. दोन्ही तारा काढाव्यात, आणि त्याही ढग गडगडू लागण्यापूर्वी.

तारेवाचून

दुर्गम खेड्यांत तार नेण्याऐवजी रेडिओलहरींवर चालणारे सार्वजनिक दूरध्वनी दिले गेले. यांतील जुन्या ‘मार’ प्रणालीवर बोलणे होई, पण मोडेम चालविणे व्यवहार्य नव्हते. मद्रासच्या आयआयटीत विकसित झालेल्या कॉरडेक्ट प्रणालीने ही उणीव बरीच भरून काढली. तिच्यावर बोलणे चालू असतानाही ३५ किलोबिटने आणि फोन मोकळा असताना ७० किलोबिटने माहिती मिळत असे.