लोणच्याची बरणी आणि जेलची बाटली

आमच्या आजीच्या लोणच्याच्या बरणीला हात लावायची घरात कुणालाच परवानगी नव्हती. ओला चमचा बरणीत गेला, की बुरशी आलीच म्हणून समजा, असं ती बजावायची. पुढं मी भूलतज्ज्ञ झाले आणि नेमकी हीच गोष्ट ऑपरेशन थिएटरात विसरले.

२०११ सालची हकिगत. सत्तरीतल्या एका आजोबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती. मधुमेह जुना. नंतरच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून जांघेतल्या मज्जातंतूशेजारी मी एक बारीक नळी बसवली. त्यातून थेंबथेंब औषध जाई आणि पाय बधिर राही. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई दिसत होती, मज्जातंतू दिसत होता. जंतू मात्र कुठल्याच पडद्यावर दिसत नाहीत! जेल घेतलं ते ट्रॉलीवरच्या नेहमीच्या बाटलीतून. ती कधी उघडली, कितीदा भरली, कुणास ठाऊक.

दोन दिवस आजोबा खुशीत होते. चौथ्या दिवशी ताप आला, जांघ लाल झाली, नळीच्या तोंडाशी पू दिसला. नळी काढली, पू काढून टाकला, प्रतिजैविकं सुरू केली. घरी जायला त्यांना आणखी तीन आठवडे लागले. आजींनी मला विचारलं, "डॉक्टर, दुखू नये म्हणून टोचलेल्या सुईनंच दुखणं आणलं का हो?"

मला उत्तर देता आलं नाही. दोष जेलचाच होता, हे सिद्ध झालं नाही. नळी चार दिवस ठेवण्याचा निर्णयही माझाच होता.

गंमत पाहा, या विद्येचे तीन धागे व्हिएन्नात येऊन मिळतात. १८४७ साली तिथंच सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. १८८४ साली तिथल्याच कार्ल कोलर यांनी कोकेननं डोळा बधिर करता येतो, हे दाखवलं. आणि १९९४ साली तिथल्याच भूलतज्ज्ञांनी सोनोग्राफीत पाहत हाताचे मज्जातंतू बधिर केल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. आम्ही तिसरा धडा उत्साहानं गिरवला. पहिला मात्र अधूनमधून विसरतो.

वाचकांनी घाबरून जाऊ नये. एकदाच सुई टोचून दिलेल्या ब्लॉकनंतर संसर्ग फार क्वचित होतो. धोका वाढतो तो नळी दोन दिवसांहून अधिक राहिली, ती जांघेत किंवा काखेत असली, रुग्णाला मधुमेह असला किंवा तो अतिदक्षता विभागात असला तर. सोनोग्राफीनं एक नवी वाट उघडली, ती जेलची. साधं जेल जंतुनाशक नसतं. सुई त्यातून गेली, तर ते आत ओढलं जातं. अमेरिकेत २०२१ साली न उघडलेल्या बाटल्यांतल्या जेलमध्येही जंतू सापडले आणि सरकारला इशारा द्यावा लागला.

उपाय साधेच आहेत. हात धुणं, मास्क, निर्जंतुक हातमोजे. कातडीवर अल्कोहोलमिश्रित क्लोरहेक्सिडिन लावून ते पूर्ण वाळू देणं; ही दोन मिनिटंच घाईत खाल्ली जातात. सोनोग्राफीच्या प्रोबवर निर्जंतुक आवरण, एकदाच वापरायच्या पाकिटातलं निर्जंतुक जेल आणि दोन रुग्णांमध्ये प्रोबची सफाई. नळी असेल, तर तिची जागा रोज पाहणं आणि गरज संपताच ती काढणं.

घरच्यांनीही लक्ष ठेवावं. टोचलेल्या जागी लाली, सूज, वाढती वेदना, पू किंवा ताप दिसला, तर 'होईल बरं' म्हणून थांबू नये. आणि "नळी कधी काढणार?" हे विचारायला संकोचू नये. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आजोबा पुढं काठीशिवाय चालू लागले. त्या प्रसंगानंतर मी ट्रॉलीवरची बाटली ब्लॉकसाठी कधीच उचलली नाही. नवे विद्यार्थी विचारतात, "मॅडम, एवढ्याशा जेलसाठी नवं पाकीट?"

मी त्यांना आजीच्या बरणीची गोष्ट सांगते.