भैंशातलं फिजिक्स, सकाळपासून रात्रीपर्यंत

पहाटे साडेपाच. चहा उकळेपर्यंत इंटर सेकंड इयरच्या, म्हणजे बारावीच्या, टेस्टचे पेपर काढते. वेव्ह ऑप्टिक्स. यंगच्या प्रयोगाचं डेरिव्हेशन बहुतेकांनी जसंच्या तसं उतरवलंय. पण दोन फटींमधलं अंतर निम्मं केलं तर पट्ट्यांची रुंदी किती होईल, हा दोन मार्कांचा प्रश्न निम्म्या वर्गानं सोडून दिलाय. रुंदी दुप्पट होते, आणि ते त्यांनी लिहिलेल्या सूत्रातच आहे! बोर्डाच्या 60 मार्कांच्या पेपरात असे दोन-दोन मार्कांचे दहा प्रश्न असतात. पाठांतरावर पास होता येतं, पण पुढं जे शिकायचंय ते त्यावर उभं राहत नाही.

साडेआठ. कुबेर, तानूर, मुधोळकडच्या बसगाड्या स्टँडवर लागतात. डिसेंबर 2023पासून मुली मोफतच्या झिरो तिकिटावर येतात आणि त्यांची हजेरी मुलांपेक्षा चांगली असते. 1956पर्यंत हा भाग नांदेड जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं आंध्रात आली, मग आदिलाबाद जिल्हा, 2016पासून तेलंगणातला निर्मल. घराघरांत मराठी राहिली. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांच्या हातात इंटरला इंग्रजी पुस्तक येतं, म्हणून मी एकच गोष्ट मराठीत, तेलुगूत आणि उर्दूत सांगते. वेळ जातो, जाऊ दे.

साडेनऊ. एमपीसी (गणित, फिजिक्स, केमिस्ट्री) फर्स्ट इयर. दहावीला वरचे मार्क पडलेली बरीच पोरं बासरच्या आरजीयूकेटीत सहा वर्षांच्या कोर्सला जातात. इथं बसलेल्यांना कुणी ‘राहिलेले’ म्हटलं की मला राग येतो. आज उतारावरचा ठोकळा. आधी चित्र, मग बाण, मग सूत्र. बाण न काढता ज्यानं उत्तर सांगितलं त्याला फळ्यापाशी बोलावते आणि घर्षणाचा बाण कुठल्या दिशेला, एवढंच विचारते. तो थांबतो. वर्गही थांबतो. तिथून खरा तास सुरू होतो.

दुपारी दोन. लॅब. दिवसातली माझी सगळ्यात आवडती वेळ.

कुबेरहून येणारा एक मुलगा साध्या लंबकापाशी उभा आहे. लांबी बरोबर एक मीटर, हुकापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलेली. वीस आंदोलनांना 38.1 सेकंद. हिशेब केला तर जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, आला 10.88.

“मॅडम, 9.8 लिहून टाकू का?”

“तुझ्या घड्याळानं 9.8 सांगितलं का?”

“नाही.”

“मग 10.88च लिही. आणि परत कर.”

या वेळी मी शेजारी उभी राहते. गोळा सोडताना तो ‘एक’ म्हणतो. मी काही बोलत नाही. पुन्हा 38 आणि काही. तिसऱ्यांदा त्याच्या जोडीदारणीला मोजायला सांगते. ती स्टॉपवॉच दाबताना ‘शून्य’ म्हणते. 40.1 सेकंद, जी 9.82. दोघं वहीवर वाकून बघत राहतात. दोन सेकंदांचा फरक, आणि एका आंदोलनाला लागतात दोनच सेकंद. तोच म्हणतो, “मॅडम, मी एकोणीसच मोजली.”

त्यानं पहिलं रीडिंग खोडलं असतं, तर हे त्याला कधीच कळलं नसतं. रेकॉर्डमध्ये दोन्ही रीडिंगं ठेवायला लावते आणि खाली कारण लिहून घेते. प्रॅक्टिकल फक्त 30 मार्कांचं, म्हणून शेवटच्या आठवड्यात रेकॉर्ड उतरवून भागवायची पद्धत सगळीकडे पडली आहे. त्यात मुलांचं फार मोठं नुकसान होतं.

सहा वाजता थांबणाऱ्यांसाठी ईएपीसेट या प्रवेश परीक्षेचा सराव. तीन तासांत 160 प्रश्न, त्यातले 40 फिजिक्सचे, आणि चुकलं तर मार्क कापत नाहीत. इथं वेगच लागतो, तो मी शिकवते. पण सकाळी ज्यानं बाण काढला, त्यालाच संध्याकाळी वेग येतो.

रात्री नऊ. हजेरीपट समोर घेते. थंडी सुरू झाली की रकाने रिकामे दिसू लागतात. कापूस फुटलाय, वेचायला मजूर मिळत नाहीत, मुलगा घरचाच. शेतकऱ्याची ती अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. उद्या त्यांच्या घरी फोन करायचे आहेत आणि सगळ्यांना एकच विनंती करायची आहे: थिअरीचा तास बुडाला तर मी रविवारी घेईन, पण लॅबच्या दिवशी लेकराला वेचणीला नेऊ नका. दोऱ्याला दगड बांधून लंबक घरी करता येईल. मीटर ब्रिज घरी नाही.