कच्च्या आहारासाठी डिहायड्रेटर घेताना
मुळशीच्या पावसाळ्यात उन्हात वाळवण होत नाही. त्यामुळे कच्चा आहार घेणारे रुग्ण विचारतात, ‘डॉक्टर, डिहायड्रेटर कोणता घेऊ?’

पंखा असलेला आणि तापमान कमी-जास्त करता येणारा घ्या. हवा खेळती नसेल तर फोडी आतून ओल्या राहतात, बुरशी धरते.

कच्च्या आहारात तापमान साधारण ४६ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर नेत नाहीत. एवढ्या उष्णतेने पाणी उडते, पण साल्मोनेलासारखे जंतू मरतीलच असे नाही. म्हणून भाज्या-फळे नीट धुवा, चकत्या पातळ करा. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्धांनी मोड आलेली कडधान्ये शिजवूनच खावीत.

पाणी उडाले तरी साखर आणि पोटॅशियम तेवढेच राहते. मधुमेह असेल तर सुकवलेली फळे मोजूनच खा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.